एक वर्ष वजा

होंगसाचं वय सरकारी कागदावर एका वर्षाने कमी लागलं होतं आणि लवीचं एका वर्षाने जास्त. दोन्ही चुका माझ्या हातच्या. एक अज्ञानाने झाली, दुसरी शहाणपणाने. वीस-बावीस वर्षं त्यांनी कुणाचं काही बिघडवलं नाही, त्यामुळे मलाही त्यांचा पत्ता नव्हता.

महाचाय या थाई बंदरात आमच्या विहाराच्या ओसरीवर एक टेबल आहे. तिथे बसून मी सीमेपलीकडून आलेल्या लोकांचे अर्ज भरतो. मी इथलाच. माझे खापरपणजोबा केव्हातरी पलीकडूनच आले, पण त्या काळी अर्ज मागायला कुणी बसलेलं नव्हतं, म्हणून मी थाई. भाषा मात्र घरात आणि विहारात पलीकडची, मोनच राहिली. कोळंबीच्या शेडमध्ये, बर्फाच्या कारखान्यात, मासळीबाजारात राबणारे बहुतेक मोनच. ते बोलतात, मी थाईत लिहितो. दुपारचं जेवण विहारात होतं, आणि उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या, दिवशी भंतेजी गाऊन प्रवचन करतात तेव्हा पुढच्या खांबाजवळची जागा माझी. एवढ्यावर माझं छान भागतं.

यंदा भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास सुरू व्हायच्या आधी सरकारचा नवा ठराव आला. ज्यांच्याकडे कागद आहेत त्यांनी मुदत वाढवून घ्यावी. ज्यांच्याकडे नाहीत, जे रानातून, नदीतून, कसेही आले, त्यांनीही यावं, दंड भरावा, बोटांचे ठसे द्यावेत, म्हणजे त्यांनाही दोन वर्षं राहता येईल. दोघांना अट एकच, पंचावन्न वर्षं पुरी झालेली नसावीत. ज्यांची झाली त्यांनी हातातली मुदत संपली की आपल्या गावी जावं.

मी हे ओसरीवर वाचून दाखवलं तेव्हा होंगसा खांबाला टेकून बसला होता. होंगसा बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढतो, आणि प्रवचनात भंतेजींनी ओळ सोडली की ती उचलणारा पहिला आवाज त्याचा लागतो.

"म्हणजे कालच्या काल नदी पोहून आलेला पोरगा आत," तो म्हणाला, "आणि वीस वर्षं रांगेत पाय झिजवलेला म्हातारा बाहेर. झकास. मीही एकदा नदीत डुबकी मारून येतो."

"तुला पोहता कुठे येतं?"

"म्हणून तर रांगेत उभा राहिलो ना, दादा."

सगळे हसले. तोपर्यंत हसण्यासारखंच होतं.

तिसऱ्या दिवशी लवी आली. लवी कोळंबी सोलते. वर्षानुवर्षं मीठ आणि बर्फाच्या पाण्यात राहून तिच्या बोटांच्या रेषा इतक्या झिजल्यात, की ठसे घेणाऱ्या यंत्राला तिचं बोट पाच-पाच वेळा दाखवावं लागतं. बरोबर तिची मुलगी नामवान होती, शाळेच्या गणवेशात. लवीचा नवरा मलेशियाला कामाला गेला आणि तिकडचाच झाला. या दोघीच उरल्या.

"सानितदादा, केंद्रावरची बाई म्हणते मी पंचावन्न वर्षांची," लवी म्हणाली. "मुदत वाढणार नाही म्हणते."

मी तिचं कार्ड बघितलं. जन्म एक जानेवारी २५१३, आमच्या बुद्धवर्षाने. आमच्याकडे ज्यांचे अर्ज भरले जातात त्या सगळ्यांचाच जन्म एक जानेवारीचा. पलीकडच्या माणसाला आपला वार पाठ असतो, बुधवारचा की शनिवारचा ते तो झोपेत सांगेल, पण तारीख विचारली की तो तुमच्याकडेच बघत बसतो. अर्जात वाराला रकाना नाही. यंदा वर्ष २५६८. वजाबाकी केली तर पंचावन्न होत होती.

"बाई बरोबर म्हणते, लवी."

"मग हिचं काय?"

नामवानच्या शाळेची शेवटची दोन वर्षं राहिली होती. ती इथे जन्मली, इथल्या शाळेत शिकली, मोन बोलायला लागली की अडखळते. पण तिचं नाव आईच्या कार्डाला जोडलेलं. आईचं कार्ड बंद झालं की मुलीचंही बंद. दोन वर्षं मिळाली तर शाळा पुरी झाल्याचा दाखला हातात येतो, आणि तो दाखला दाखवून ती स्वतःच्या नावाने अर्ज करू शकते. लवीला फक्त ती दोन वर्षं हवी होती.

ओसरीखाली शेवयांची गाडी लावणारी बाई आहे. तिला सगळं ऐकू जातं. ती म्हणाली, "अगं, कार्ड खाडीत टाक आणि मोकळी हो. म्हणायचं, गेल्याच महिन्यात आले, कागद नाहीत, वय पन्नास. दंड भरायचा, दोन वर्षं घ्यायची. माझ्या भाचीने तेच केलं."

"तुझ्या भाचीचे ठसे आधी कुणी घेतले नव्हते," मी म्हटलं. "हिचे सात वेळा घेतलेत."

"घेतलेत, पण उमटलेत कुठे? दाखव गं बोटं."

"आणि खोटं बोलू?" लवी म्हणाली. "दर उपोसथाला पंचशील घेते मी. त्याच तोंडाने?"

"सरकारला सांगितलेलं त्यात धरत नाहीत," शेवयावाली म्हणाली आणि गिऱ्हाईक आलं म्हणून वळली.

नामवान इतका वेळ फोनमध्ये काहीतरी शोधत होती. "आजोबा, पण आई पंचावन्नची नाहीच आहे," ती म्हणाली. "ती जन्मली त्या वर्षी गावच्या पॅगोडावर नवं छत्र चढवलं. आजी नेहमी सांगायची. मी मावशीला फोटो काढून पाठवायला सांगितला."

तिने फोन माझ्यापुढे धरला. पॅगोडाच्या पायथ्याची दगडी पाटी होती. पाटीवर कुणीतरी मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि मावशीने फोटोपुरत्या त्या अर्ध्याच बाजूला सारल्या होत्या. मोन आकड्यांत वर्ष स्पष्ट होतं, २५१५.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. दोन्हीकडे वर्षं मोजतात ती तथागतांच्या महापरिनिर्वाणापासूनच. पण आम्ही थाई ते पहिलं वर्ष पुरं झाल्यावर एक म्हणतो, आणि पलीकडचे ते सुरू झाल्याबरोबर एक म्हणतात. त्यामुळे पलीकडचा आकडा इथल्यापेक्षा एकाने मोठा असतो. पलीकडचं २५१५ म्हणजे इथलं २५१४. लवी चौपन्न वर्षांची होती.

मी टेबलाखालच्या पेटीतून जुनी वही काढली. ती सवय मला भंतेजींनी लावली होती. माणसाने काय सांगितलं ते पानाच्या डावीकडे, मी अर्जावर काय लिहिलं ते उजवीकडे. एकवीस वर्षांपूर्वीच्या मोठ्या नोंदणीत लवीचं नाव सापडलं. डावीकडे २५१४. उजवीकडे २५१३.

"तू मला २५१४ सांगितलं होतंस, लवी. गावाकडचं वर्ष २५१५, मग २५१४ का सांगितलंस?"

ती गोंधळली. मग तिला आठवलं. "होंगसादादांनी सांगितलं होतं की! रांगेत. म्हणाले, बायांनो, एक वजा करून सांगा, नाहीतर सानित चुकीचं लिहितो, माझं तसंच लिहून बसलाय. म्हणून मी घरूनच एक कमी करून आले."

आणि मी, समोरची बाई पलीकडची आहे, पलीकडचाच आकडा सांगणार, असं धरून त्यातून आणखी एक काढला होता. दोघांनीही काळजी घेतली होती.

होंगसा खांबापाशीच होता. त्याच्याकडे बघितलं तर तो चप्पल शोधत होता. "माझी बर्फाची गाडी यायची वेळ झाली," म्हणाला आणि उठला. गाडीला अजून दोन तास होते.

तो गेल्यावर मी वही मागे उलटली. एकवीस वर्षांपूर्वीच्या त्या नोंदणीच्याही आधी एक लहान नोंदणी झाली होती, मी नवा होतो तेव्हा. मला दोन्हीकडच्या वर्षांत फरक आहे हेच माहीत नव्हतं. ते भंतेजींनी मला नंतर सांगितलं. त्या पानावर अकरा नावं. नऊजण केव्हाच परत गेले, एक वारला. उरलेलं नाव होंगसाचं. डावीकडे २५१४, उजवीकडेही २५१४. त्याने पलीकडचा आकडा सांगितला होता आणि मी तसाच उतरवला होता. म्हणजे होंगसाचं खरं वर्ष इथल्या हिशोबाने २५१३. तो पंचावन्नचा होता आणि कागदावर चौपन्नचा. जणू त्याने आणि लवीने आपापसांत वर्षं बदलून घेतली होती.

रांगेत त्याचं ऐकून वजा करून आलेल्या आणखी दोघी होत्या. त्याही गावी परतल्या होत्या. उरले होते ते हे दोघंच.

जन्मवर्ष दुरुस्त करायचा अर्ज माझ्याकडे होता. मुळात चूक दुभाष्याची असेल तर दुभाष्याने तसं लिहून सही करायची, पुरावा जोडायचा, आणि शुक्रवारी खिडकी बंद व्हायच्या आत केंद्रावर द्यायचा. सोपं होतं. फक्त सहावा रकाना असा होता: ‘याच दुभाष्याकडून अशी चूक आणखी कोणाच्या बाबतीत झाली असल्यास नावे लिहावीत.’ खाली, वरील मजकूर सत्य आहे, आणि सही.

दुपारी मी बर्फाच्या कारखान्यावर गेलो. होंगसा दाराशी रबरी बूट घालून लादीवर पाणी मारत होता.

"आलास," तो म्हणाला. "वही काढलीस ना? मला कळलंच होतं. तुला वह्या काढायची खोडच आहे."

"तुला माहीत होतं?"

"मला माझं वय माहीत नसेल? पहिल्या कार्डावरच कळलं होतं. म्हटलं, एक वर्ष लहान झालो, काय वाईट आहे? बायको म्हणाली, अक्कल तेवढी वाढवून घे."

मी त्याला सहाव्या रकान्याचं सांगितलं.

"रिकामा सोड."

"रिकामा म्हणजे कुणी नाही, असाच अर्थ होतो. खाली माझी सही."

"कोण तपासणार आहे? तुझी वही त्या बाईच्या टेबलावर आहे का?"

"नाही."

"मग?"

त्याने लोखंडी आकडा लावून लादी पुढे ओढली. ती मोठ्याने घासत गेली, म्हणून पुढचं तो जवळजवळ ओरडूनच बोलला. "तिकडे काय ठेवलंय माझं? घराच्या चार भिंती उभ्या आहेत, वर छप्पर नाही. बायको भावाकडे राहते. गावच्या रस्त्यावर आज या टोळीची चौकी, उद्या त्या टोळीची. परवा चुलत्याचा मुलगा बैल घेऊन निघाला, बैल पोचले, तो नाही पोचला. चूक तुझी, रकाना तुझा, पुण्य तुझं. आणि जायचं कुणी? मी!"

"आणि लवीला रांगेत कुणी शिकवलं?"

"मी बायांचं भलं केलं."

"मीही भलंच केलं होतं, होंगसा."

"मग दोघांनी भलं करून ठेवलंय तर तिसऱ्याने निस्तरावं," तो म्हणाला. "लवीला जाऊ दे. पोरीला इथे कुणीतरी ठेवून घेईल. शेवयावाली ठेवेल."

"तू ठेवशील? तुझ्या नावावर?"

तो पुढची लादी ओढायला गेला. मी निघालो. खरं सांगायचं तर त्याच्या बोलण्यातलं एकही वाक्य मला खोडता आलं नाही. लवीचा अर्ज न देणं माझ्या हातात होतं. दिला तर सहावा रकाना होता. तिसरी वाट मी खूप शोधली. सरकारला सांगितलेलं धरत नाहीत, हे शेवयावालीचं वाक्य घरी जाईपर्यंत दोनदा आठवलं, इतका मी घसरलो होतो.

गुरुवारी उपोसथ होता. मी मनाशी धरून गेलो, की भंतेजी आज जे गातील त्यात मला काहीतरी सापडेल. आजवर कितीदा सापडलंय. बायको गेली तेव्हा सापडलं होतं, जमिनीच्या तंट्यात सापडलं होतं. भंतेजींनी पंखा तोंडासमोर धरला, घसा साफ केला आणि एका कुंभाराची गोष्ट लावली. कुंभार आळशी, बायको तोंडाळ, आणि त्यांचं गाढव दोघांपेक्षा शहाणं. गाढव बोलायला लागलं तसे भंतेजी खालच्या पट्टीत गाऊ लागले, आणि बायको बोलली की असे वर चढायचे, की मागच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. माझ्या प्रश्नाशी त्याचा काही संबंध नव्हता. पण काय गायले! शेवटच्या वळणावर, गाढव मेल्यावर कुंभार त्याच्या पाठीवरची माती झाडतो, तिथे त्यांनी सूर असा धरून ठेवला की माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ओळ सुटली. मी सवयीने डावीकडच्या खांबाकडे बघितलं. पहिला आवाज उठलाच नाही. होंगसा आला होता, मान खाली घालून बसला होता. शेवटी मागून कुण्या म्हातारीने ओळ धरली, थोडी उशिरा.

उठताना तो माझ्या जवळून गेला. "उद्या किती वाजता?" त्याने विचारलं.

"नऊ."

"हं," म्हणाला आणि गेला.

नोंदणीचं केंद्र बाजाराच्या वाहनतळावर मांडलं होतं. प्लास्टिकच्या खुर्च्या, पंखे, नंबर पुकारणारा पोरगेला शिपाई. शेवटचा दिवस, म्हणून रांग जिन्यापर्यंत गेली होती. रांगेत दोन्ही तऱ्हेची माणसं होती. हातात प्लास्टिकच्या पिशवीत कार्डांची चळत घेऊन आलेली, आणि हातात काहीच नसलेली. काहीच नसलेली जरा जास्त आनंदात होती. नामवान शाळा बुडवून आली होती. लवीने बोटांना खोबरेल चोळलं होतं, कुणीतरी सांगितलं होतं म्हणून.

"तेल कशाला लावलंस गं आई? आणखी घसरतील."

"तू गप्प बस. तुझी बोटं कोवळी आहेत, तुला काय कळतंय."

साडेअकराला नंबर लागला. टेबलामागे अर्ज तपासणाऱ्या पिमोनबाई होत्या. चष्मा केसांत खोचलेला, समोर थंड झालेला चहा. लवीचं तर्जनीचं बोट पाचव्या वेळी लागलं. बाईंनी फोटो बघितला, मिरच्या बघून विचारलं, "हे काय आहे?" मी सांगितलं. त्यांनी दगडावरचे आकडे मला वाचायला लावले, एका चिठ्ठीवर स्वतः वजाबाकी केली, मग माझी वही मागितली. लवीचं पान बघितलं. डावीकडचा आकडा, उजवीकडचा आकडा. "म्हणजे दोनदा वजा झालं," म्हणाल्या. "हे आम्हाला आधी कुणी का सांगितलं नाही? दोन तऱ्हेने वर्षं मोजता, पुन्हा एकाच देवाची."

"देवाची नाही, बाई, तथागतांची," लवी म्हणाली. बाई हसल्या.

मग अर्ज उलटला. "सहावा रकाना रिकामा आहे."

तो मी रिकामा ठेवूनच आणला होता. घरी तीनदा पेन हातात घेतलं होतं. मला वाटलं होतं, समोर लिहायची वेळ आली म्हणजे हात आपोआप काय ते लिहील.

"आहे का आणखी कुणी?" बाईंनी विचारलं. "नसेल तर ‘नाही’ लिहा. मागे रांग आहे."

लवी माझ्याकडे बघत होती. तिला रकान्याबद्दल काही माहीत नव्हतं. तिला थाई वाचता येत नाही आणि मी सांगितलं नव्हतं. नामवानला वाचता येतं. ती वाचत होती आणि तिचा चेहरा बदलत गेला.

"आहे," मी म्हटलं.

"नाव?"

माझ्या तोंडून शब्द बाहेर यायच्या आत मागून कुणीतरी माझ्या खांद्याला धरून बाजूला केलं.

"होंगसा," तो म्हणाला. "सरक जरा, दादा. बूट ओले आहेत, तुझ्या पायावर पाणी जाईल."

कामावरून तसाच आला होता, रबरी बुटांत. मागची माणसं रांग मोडली म्हणून ओरडत होती. त्याने कार्ड टेबलावर ठेवलं. "माझं एक वर्ष कमी लागलंय. मी पंचावन्नचा आहे. लिहा."

मी ते थाईत सांगितलं. पिमोनबाईंनी चष्मा केसांतून काढून डोळ्यांवर घेतला आणि त्याच्याकडे नीट बघितलं. "यांना सांगा, वाढवलं तर मुदत मिळणार नाही."

"सांगायला नको," होंगसा थाईतच म्हणाला. त्याला तेवढी येते. "मला माहीत आहे."

"मग का आलात?"

"हा माणूस माझं नाव घेणार होता, बाई. घेतल्यावर मी जाईपर्यंत माझ्या समोर रडत बसला असता. ते मला बघवत नाही. त्यापेक्षा मीच सांगतो."

हेही तो थाईतच बोलला. मी भाषांतर केलं नाही. गरजही नव्हती.

बाईंनी खण उघडला, बंद केला. शेजारच्या टेबलावरच्या साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, वय कमी करून मागणाऱ्यांसाठी अर्ज आहे, वाढवून मागायला आजवर कुणी आलेलंच नाही, त्यामुळे तसा छापलेला नाही. शेवटी कमी करायचाच अर्ज घेतला, ‘कमी’ खोडून वर हाताने ‘जास्त’ लिहिलं, आणि बाजूला साहेबांनी सही केली. होंगसाने अंगठ्याच्या ठशाशेजारी मोन अक्षरांत स्वतःचं नाव लिहिलं, सावकाश, मोठ्या अक्षरांत.

आधी लवीचं काम झालं. यंत्रातून नवा कागद आला, जन्मवर्ष २५१४, मुदत दोन वर्षं, सोबत मुलगी एक. शिक्का बसला. नंतर होंगसाचा कागद आला. आधीची मुदत सात आठवड्यांनी संपत होती. त्यानंतर पुढे काही नाही.

लवीला आता सगळं कळलं होतं, नामवानने कानात सांगितलं होतं. ती कागद हातात धरून उभी होती. "तुम्ही दोघांनी मला आधी का सांगितलं नाही?" ती म्हणाली. "मी आलेच नसते. होंगसादादा, मी तुमच्याकडे मागितलं होतं का?"

"तुझ्यासाठी कोण आलंय?" तो म्हणाला. "ह्या म्हाताऱ्यासाठी आलो. तू आपली पोरगी शिकव आणि गप्प बस. आणि रांगेत कुणी काही शिकवलं तर ऐकू नकोस पुन्हा."

तिने डोळे पुसले आणि त्याच्या पाया पडायला वाकली. त्याने तिला वाकू दिलं नाही. "खाली पाणी आहे," म्हणाला.

पिमोनबाई पुढचा नंबर बोलावणार होत्या. थांबल्या. एक कोरा कागद पुढे सरकवून म्हणाल्या, "ठरावाबद्दल काही म्हणायचं असेल तर लिहून द्या. पुढच्या वेळी बदल करायचे आहेत म्हणून वरून मागवलंय."

"मी?" होंगसा म्हणाला.

"तुम्हीच."

आम्ही बाजूच्या खुर्च्यांवर बसलो. तो सांगत गेला, मी थाईत लिहीत गेलो. त्याला फार बोलायचं असेल असं मला वाटलं होतं, पण मजकूर अर्ध्या पानाचा झाला. त्याने सांगितलं ते असं: ‘मी अठ्ठावीस वर्षं इथे बर्फ ओढला. त्यातली बावीस कागदाने. दरवर्षी तपासलात, दरवर्षी मी होतो. जो कालपर्यंत लपला त्याला आत घेताय ते चांगलं करताय, त्यालाही पोट आहे. पण जो लपला नाही त्याला वयावरून बाहेर काढू नका. माझ्या हातात अजून जोर आहे, साहेबांनी येऊन लादी ओढून बघावी. आणि ज्याची मुलं इथे शिकतात त्याची मुदत मुलांच्या शाळेशी बांधा, आईच्या वयाशी बांधू नका. इथे जन्मलेलं पोर आईच्या कार्डाला पिशवीसारखं लटकवू नका. अर्ज छापाल तेव्हा वय वाढवायचाही एक छापा.’

शेवटचं वाक्य लिहू की नको, असं मी विचारलं.

"लिही. ते तर सगळ्यात आधी होईल. त्याला फक्त कागद लागतो."

पिमोनबाईंनी पान वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. पोचेचा शिक्का मारून वर आकडा घातला, एकशे बारा.

"एवढी आलीत?" होंगसाने विचारलं. "त्यातली वयाबद्दल किती?"

"बहुतेक सगळी."

"मग माझं कशाला घेतलं?"

"एकशे तेरावा येईल त्याला सांगायला," बाई म्हणाल्या, "की तुझ्याआधी एकशे बारा आले होते." आणि त्यांनी पुढचा नंबर पुकारला.

आम्ही जिना उतरलो. खाली आल्यावर नामवान होंगसासमोर उभी राहिली आणि तिच्या अडखळत्या मोनमध्ये म्हणाली, "आजोबा, छप्पर मी बांधून देईन. नोकरी लागली की."

"पत्र्याचं नको," तो म्हणाला. "पत्रा तापतो. नारळाच्या झापांचं बांध." मग माझ्याकडे वळला. "तू असा तोंड पाडून उभा राहू नकोस. सात आठवडे आहेत अजून. चार वाजता बर्फाची गाडी येते, आणि आज माझ्या जोडीचा पोरगा सुट्टीवर आहे. येतोस लाद्या ओढायला? वह्या उचलून उचलून हात मऊ झालेत तुझे."

मी गेलो. तीनच ओढू शकलो. तो एकोणीस ओढून मोकळा झाला.